बोळा ज्याने लावला, त्याने काढावा

भुकूम, ता. मुळशी
१४ जून २०२४

चि. सौ. रत्नास,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक, म्हणजे माणसं ठीक आहेत. गाडी ठीक नाही.

पोस्टाचं पाकीट पाहून तुला वाटलं असेल, कुणी गेलं की काय. कुणी गेलेलं नाही. माझ्या कानांनी फोनशी फारकत घेतली आहे. समोर बसलेल्याचं ऐकू येतं, फोनमधलं नुसतं गुणगुणतं. मग तुझं बोलणं सुनेने मला ओरडून सांगायचं आणि आपल्या घरातलं सगळ्या आळीने ऐकायचं, त्यापेक्षा हे बरं. मी कारखान्यात स्टोअरकीपर होतो, जन्मभर कागदावरच बोललो.

तर बातमी अशी की, मंगळवारी भूगावच्या बँकेतून परत येताना आपल्या फियाटचा सायलेन्सर गळून पडला. पडला तोही नेमका त्या नव्या सोसायटीच्या गेटसमोर. पुढचे दोनशे मीटर गाडीने जो आवाज केला, त्याने बारा मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसं आली. सोसायटीचे सेक्रेटरी दिग्विजय म्हणून कुणी आहेत, ते खाली उतरले. गृहस्थ सभ्य. धुराबद्दल, लहान मुलांबद्दल बोलले आणि ही गाडी अजून ठेवलीच का आहे, असं विचारलं. मी त्यांना सांगितलं की, आमच्या आबांनी पुण्यात एका डॉक्टरसाहेबांकडे अठरा वर्षं ड्रायव्हरकी केली, साहेब परदेशात मुलीकडे कायमचे निघाले तेव्हा किल्ली आबांच्या हातात ठेवून गेले. या गावातल्या निम्म्या नवऱ्या या गाडीतून सासरी गेल्या आणि पुढे बाळंतपणाला पौडच्या दवाखान्यातही याच गाडीतून गेल्या. एवढं ऐकून ते मला सायलेन्सर उचलू लागले, हेही सांगायला हवं.

निरंजनला मात्र आयतं निमित्त मिळालं. धरणाच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला शोभेसाठी जुनी गाडी हवी आहे. इंजिन काढायचं, बॉनेटमध्ये माती भरायची आणि फुलझाडं लावायची, म्हणजे लोक फोटो काढतील! माझ्या पोटच्या पोराने हे मला जेवताना सांगितलं. मी ताटावरून उठलो नाही, एवढंच. शेवटी मेधाने, म्हणजे सूनबाईने, तोड काढली. दिवाळीपर्यंत गाडी नीट चालली, धुराच्या चाचणीत पास झाली, तर घरात राहील. नाहीतर हॉटेलात जाईल. मी कबूल झालो.

पण रत्ना, मला चाचणीचं एवढं नाही. मला भाऊबीजेला त्याच गाडीने वाईला यायचं आहे आणि तुला तीत बसवून भुकूमला आणायचं आहे. सदतीस वर्षं झाली, तू या गाडीत पाऊल ठेवलेलं नाहीस. का, ते दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही. एकदा तू बसलीस की मग पोरांनी तीत काय वाटेल ते लावावं.

वाईकडे कुठे जुनी फियाट पडून असेल तर विश्रामरावांना चौकशी करायला सांग. इंजिनचा धूर सायलेन्सरकडे नेणारा जो मॅनिफोल्ड, त्यालाही चीर गेली आहे. लोभ आहे असं धरून चालतो. नसेल तर तसं कळवावं, पण कळवावं.

तुझा,
दादा


वाई
२८ जून २०२४

ती. दादास,

रत्नाचा नमस्कार. कृ. सा. न. वि. वि., एवढं शाळेतलं आठवलं. पुढचं माझ्या मनाने लिहिते.

पाकीट पाहून मी खरोखरच देवापुढे बसले होते. ह्यांनी वाचून दाखवलं आणि सायलेन्सर पडल्याचं कळलं, तेव्हा आधी हायसं वाटलं आणि मग राग आला. राग माझा जुनाच, तो काही सायलेन्सरचा नाही.

तू लिहीत नाहीस, म्हणून मीच लिहिते. सत्त्याऐंशी सालची कार्तिकातली गोष्ट. तार आली की आईचं जास्त आहे, सकाळी दादा गाडी घेऊन येतो. मी सकाळी आठला पिशवी भरून ओट्यावर बसले. अकराची एसटी गेली. ह्यांनी म्हटलं, जाऊया. मी म्हटलं, माझा दादा येतोय. दोनची गेली. पुन्हा म्हटलं, पुन्हा मी नाहीच म्हटलं. तू दिवेलागणीला आलास तो पायी, धुळीने माखलेला. गाडी खंबाटकीच्या घाटात बंद पडली म्हणालास. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आपण भुकूमला पोचलो. आईचं तोंड पाहिलं, पण डोळे मिटलेले. आळीतल्या बाया सांगत होत्या की दुपारपर्यंत ती एकच विचारत होती, रत्ना आली का म्हणून. आणि दहाव्याला मला कळलं की येताना तू मार्केट यार्डात थांबून आंबेमोहोराची दोन पोती उतरवलीस. दोन पोती, दादा. आई मरणाच्या दारात, मी ओट्यावर, आणि तू तांदूळ उतरवत होतास.

हे मी तोंडाने कधी बोलले नाही. तुझ्याकडे येत राहिले, पोरांच्या लग्नांत जेवले, वहिनी गेली तेव्हा तुझ्याजवळ बसले. फक्त गाडीत बसले नाही. आता कागदावर बोलायचं तर सगळंच बोलते.

राहता राहिलं तुझं काम. ह्यांना ही असली खटपट द्या म्हणजे जेवणखाण सुचत नाही. पसरणीला एकाच्या गोठ्यात फियाट सापडली, मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती. सायलेन्सर मातीला मिळाला आहे, पण मॅनिफोल्ड चांगला आहे. मालकाचं म्हणणं, कोंबडी उठली की काढून न्या. उठली की पाठवते. मी राग धरते, पण तो लोखंडावर काढत नाही.

भाऊबीजेला तू एसटीने ये. ओवाळायला ताट तयार असेल. तब्येत सांभाळ, माळ्याबिळ्यावर चढत जाऊ नकोस. एवढी माया राहू दे.

तुझी,
रत्ना


भुकूम
१० ऑगस्ट २०२४

चि. सौ. रत्नास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. मॅनिफोल्ड पोचला. आत कोंबडीचं एक पीस होतं, तेही जपून ठेवलं आहे. विश्रामरावांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, कोंबडीचेही आभार.

काल नागपंचमी झाली. तू नागपंचमीला माहेरी शेवटची आलीस ती त्याच वर्षी. पंचमीच्या आदल्या दिवशी आईने तुझी खणानारळाने ओटी भरली, तो जांभळ्या काठाचा हिरवा खण मीच लक्ष्मी रोडवरून आणला होता आणि रंग चुकला म्हणून बोलणी खाल्ली होती. आता या रस्त्याला झोके बांधायला झाडच उरलेलं नाही. सोसायटीत मात्र काल प्लॅस्टिकचा झोका टांगला होता आणि सेक्रेटरी स्वतः झोका देत होते. बरे आहेत ते.

सुट्ट्या भागांची कथा सांगतो. जुन्या बाजारात दोन रविवार घालवले. नाना पेठेत एकाने सायलेन्सर दिला, तो नंतरच्या मॉडेलचा निघाला, दोन बोटं खाली लोंबायला लागला आणि पहिल्याच गतिरोधकावर घासला. स्टोअरमध्ये जन्म काढलेल्या माणसाने माप न घेता माल उचलावा, याची मला लाज वाटली. मेधाने इंटरनेटवर कोइमतूरचा एकजण शोधला, त्याने फोटो एक दाखवला आणि माल भलताच पाठवला. घोटावड्याचा भिकू मिस्त्री सगळं पाहून म्हणाला की, हे समदं आताचं काम म्हंजी कागुद हाय, दोन पावसाळं बी टिकायचं न्हाई, तुमचा पयला कुटं टाकला त्यो बगा. तेव्हा मला आठवलं की तो टाकलेला नाही. आपल्या घरात काही टाकत नाहीत.

आता तू बोललीस, तर मीही बोलतो. होय, दोन पोती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला द्यायची घाई नव्हती. गाडी रिकामी न्यायची नाही, ही आपल्या घराची खोड. पुण्यातून जायचंच आहे, अर्धा तास लागेल, म्हणून टाकली. अर्धा नाही, पाऊण तास लागला. भूगावच्या पुढच्या चढालाच गाडी धापा टाकायला लागली होती. पोती उतरवल्यावर बरी होईल वाटलं होतं, पण ओझ्याने जे व्हायचं ते झालेलं होतं. कात्रज कसाबसा चढली, पण खंबाटकीत वरच्या वळणावर, देवळीच्या अलीकडे, ती बसली ती उठलीच नाही. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गाडी तिथेच सोडून चालत, ट्रकने, पुन्हा चालत तुझ्याकडे आलो. शिरवळच्या मिस्त्रीने नंतर ती ओढून नेली, सायलेन्सर आतून बसलाय म्हणून दुसरा लावला आणि जुना माझ्या हातात दिला. मी तो शेडच्या माळ्यावर फेकला आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

तुला वाटेल, गाडीची निगा राखली नसेल. ती राखली होती गं. आबांची शिस्त तुला आठवते ना? पावसाळ्यात गाडी शेडमध्ये उभी करायची आणि सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घालायचा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते, उंदीर शिरतात. दसऱ्याला बोळा काढायचा, गाडी धुवायची, हार घालायचा आणि सुरू करायची. आणि बोळा ज्याने लावला, त्यानेच काढायचा, म्हणजे विसर पडत नाही. त्या वर्षी कारखान्यात दुहेरी पाळी होती, म्हणून मी बोळा उशिरा लावला, नागपंचमी होऊन आठ दिवसांनी. पण चांगला गोणपाटाचा केला, फावड्याच्या दांड्याने घट्ट ठोकला आणि दसऱ्याला माझ्या हाताने काढला. तेव्हा दोष त्यात नव्हता. दोष पोत्यांचा आणि माझा.

तुझी सूचना येण्याआधीच मी माळ्यावर चढलो होतो, असं समज. सायलेन्सर सापडला. पत्रा अजून जाड आहे, वाजवला की खणखणतो, फक्त मागच्या पाइपाच्या वळणात काहीतरी अडकलं आहे. भिकूकडे टाकला आहे.

एसटीने येण्याबद्दल लिहिलंस, ते मी वाचलं नाही असं धर. रागासकट लोभ ठेव, मला चालेल.

तुझा,
दादा


भुकूम
१३ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. रत्नास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्राला दोन महिने उशीर झाला. कामात होतो.

काल दसऱ्याला गाडी सुरू झाली. भिकूने जुना सायलेन्सर कापून, साफ करून, पुन्हा वेल्ड केला. कोंबडीचा मॅनिफोल्ड बसला, नवीन गॅस्केट बसलं. आवाज अगदी पूर्वीचा आला, तो तुझ्या आठवणीतला, आबा कोपऱ्यावर आले की आपण ओळखायचो तो. माझ्या कानांनाही ऐकू आला. धुराची चाचणी झाली, चाचणीवाल्याने आकडा दोनदा तपासला. सेक्रेटरींनी पेढा खाल्ला. निरंजनने हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवलं आणि मला न सांगता गाडीसोबत फोटोही काढला.

जुन्या पाइपात कुंभारणीचं घर निघालं. वाळलेली माती होती, बाकी काही नाही. त्या दिवशी गाडी बंद पडायला पोत्यांचं ओझंच कारण होतं, हे मी आधी लिहिलं तेच खरं.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, म्हणून गाडी मेधा चालवते. ती विदर्भातली, हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करणारी पोरगी, पण स्टिअरिंगखालचा गिअर आठ दिवसांत शिकली. भाऊबीज तीन नोव्हेंबरला, रविवारी आहे. आम्ही सकाळी निघू. बसायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी आग्रह करणार नाही. आता खरंच करणार नाही.

तुझ्या मायेवर माझा काही हक्क उरला असेल तर तो जपून ठेव.

तुझा,
दादा


भुकूम
१६ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यांना,

मेधाचा नमस्कार. सा. न. वि. वि. पुढे काय लिहितात ते बाबांच्या जुन्या पत्रांत पाहिलं, पण मला ते जमणार नाही. आयुष्यातलं हे माझं पहिलं पत्र आहे, ऑफिसमधले मेल सोडले तर. चुकलं तर प्लीज सांभाळून घ्या. मी हे बाबांना न विचारता लिहिते आहे.

कुंभारणीचं घर वगैरे काही निघालं नाही, आत्या.

सप्टेंबरमध्ये भिकूकाकांचा निरोप आला की पाइप कापायचाय, म्हाताऱ्यांना घिऊन या. मी बाबांना घेऊन घोटावड्याला गेले. भिकूकाका तार घालून बघत होते. त्यांचं म्हणणं होतं की माती असती तर तार खरवडली असती, आत काय तरी मऊ हाय. वळणाच्या जागी पाइप कापला आणि चिमट्याने एक काळा गोळा बाहेर काढला. कापडाचा होता. काजळी धरून दगडासारखा झाला होता. भिकूकाकांनी रॉकेलमध्ये धुतला तशी एका बाजूची जर चमकायला लागली. हिरवा रंग थोडासाच उरला होता, काठ मात्र ओळखू येत होता. जांभळा.

बाबा तिथल्या टायरवर बसले. त्यांना बरं वाटत नाहीये, असं वाटून मी पाणी आणलं. भिकूकाका म्हणत होते की, ह्यो बोळा कुनी तरी आधी लावल्याला हाय आणि त्याच्या मागनं दुसरा ठोकला, म्हणून ह्यो आत गेला वळणात. सपाटीला धूर कडंनं निघून जातो, पण चढाला इंजान जोर लावतं, कापड फुगतं, की गाडी घुसमटली. ओझं असो नसो, घाटात बंद पडनारच व्हती. हे ऐकल्यावर बाबांनी मला विचारलं की, तू ऐकलंस का काय म्हणाला तो. मी हो म्हटलं. मग त्यांनी भिकूकाकांना परत एकदा सांगायला लावलं.

सदतीस वर्षं त्यांना वाटत होतं की आपण पोती टाकली म्हणून आई तुम्हाला भेटली नाही. हे मला घरी येताना त्यांनीच सांगितलं. मला वाटलं, आता ते मोकळे होतील. झालेही, साधारण अर्धी वाट होईपर्यंत. मग मांडीवरचं ते कापड उलगडून बघत बसले. संध्याकाळी मला आणि निरंजनला बसवून म्हणाले की खणाची गोष्ट रत्नाला कधीही कळता कामा नये, तिला सांगायचं की माती निघाली. मी विचारलं, का? त्यांनी एवढंच सांगितलं की, इतकी वर्षं मी वाहिलं, मला सवय आहे, तिने या वयात कशाला वाहायचं.

तो खण त्यांनी कापराच्या डब्यात ठेवला आहे. रोज दुपारी काढून बघतात. तुम्हाला पत्र लिहायला घ्यायचे आणि फाडायचे, म्हणून इतके दिवस पत्र आलं नाही.

मी हे सांगून बरोबर करते आहे की नाही, मला माहीत नाही. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. पण तुम्ही दोघांनी इतकी वर्षं एकमेकांना न सांगता काढली, त्यात आता माझंही एक न सांगणं नको, असं वाटलं. भाऊबीजेला गाडी मीच चालवणार आहे. तुम्ही बसला नाहीत तरी मला राग येणार नाही, फक्त बाबांकडे बघायला जड जाईल.

शेवटी काय लिहायचं तेही बाबांचं बघूनच लिहिते. लोभ वाढवावा, मी नवीन आहे.

तुमची,
मेधा


वाई
२२ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,

रत्नाचा नमस्कार. वि. वि. लिहायला बसले की हात थांबतो, म्हणून हे तीन दिवस लिहिते आहे.

मेधाला बोलू नकोस. तिने मला सगळं कळवलं आहे. तिला एक शब्द बोललास तर मी भाऊबीजेला दार लावून घेईन.

दादा, तो बोळा मी लावला होता. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी शेडमध्ये चिंच काढायला गेले, तर सायलेन्सरचं तोंड उघडं आणि कुंभारीण तोंडात माती घेऊन आतबाहेर करत होती. तू कारखान्यात. आबा असते तर ओरडले असते, असं मनात आलं. हाताशी फडकं नव्हतं, पिशवीत ओटीचा खण होता. तो टरकन फाडला आणि अर्धा कोंबला. आपण फार शहाणपणा केला, असं वाटलं मला. पण ओटीचा खण फाडायचा नसतो, शिवून अंगाला लावायचा असतो, हे आईने शंभरदा सांगितलं होतं. तिला कळलं असतं तर दिवसभर बोलली असती. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. दसऱ्याला तू काढशील तेव्हा तुला दिसेल आणि तू काही आईला सांगायचा नाहीस, असं धरून दुपारच्या गाडीने सासरी आले. मग ते विसरूनच गेले.

दुपारपर्यंत आई विचारत होती. आणि तू ज्या गाडीत डोकं टेकून रडत होतास, तिचं तोंड मी बंद केलं होतं. आणि त्याच गाडीत बसणार नाही, म्हणून मी सदतीस वर्षं मिरवलं. लोकांना सांगताना मला त्याचा तोराही वाटायचा. मेधाचं पत्र वाचल्यावर मी ओट्यावर जाऊन बसले. ह्यांनी विचारलं, कुणाची वाट बघतेस. मला रडू आवरलं नाही.

तू खोटं लिहिलंस, माती निघाली म्हणून. तुला खोटं कधी धड लिहिता आलं नाही. बाकी काही नाही, असं लिहिलंस तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तुझ्यावर रागावायला मला आता काही उरलेलं नाही, आणि त्यामुळे फार मोकळं मोकळं वाटतं, सवय नाही. क्षमा वगैरे शब्द आपल्या घरात कुणी वापरत नाही, मीही वापरत नाही. एवढंच सांगते. भाऊबीजेला मी ओट्यावर वाट बघत बसणार नाही. हे मला सकाळच्या एसटीने बोगद्यापलीकडे उतरवून, तिथून रिक्षाने खंबाटकीत वरच्या वळणावर, त्या देवळीपाशी आणून सोडणार आहेत. तिथून पुढे त्या दिवशी तू एकटा चालत आलास. या खेपेला तिथून गाडीत दोघं बसू. ओवाळण्याचं ताट मी सोबत आणते. मेधाला सांग, मी पुढे बसणार.

आणि येताना तो खण घेऊन ये. काळा झाला असला तरी तो आईने मला दिलेला आहे.

पोचेपर्यंत लोभ असू दे, पुढचं तिथे बघू.

तुझी,
रत्ना


वाई
१० नोव्हेंबर २०२४

ती. दादास,

रत्नाचा नमस्कार. वि. वि. हे पोचल्याचं पत्र. पोचल्याचं पत्र टाक, असं आई प्रत्येक वेळी बजावायची आणि मी कधी टाकलं नाही, म्हणून आज आल्याआल्या चहाआधी लिहायला बसले. एसटीला गर्दी होती, पण खिडकी मिळाली. खिडकी दुसऱ्या बाजूची, त्यामुळे घाटातली देवळी दिसली नाही. दिसली नाही तरी हात जोडले. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती.

लिहितालिहिता ह्यांना सगळं सांगते आहे. मला सोडून ते परतल्यावर देवळीपाशी मी तुला ओवाळत होते तेव्हा ट्रकवाले थांबून हॉर्न वाजवत होते, हे सांगितल्यावर फार हसले. पुढच्या सीटचा स्प्रिंग मला टोचला, तो भिकूला दाखव. मेधा छान चालवते, पण गिअर टाकताना जीभ बाहेर काढते, आबाही काढायचे. तिला माझा खास आशीर्वाद सांग. भुकूमला पोचलो तेव्हा तुमचे सेक्रेटरी गेट उघडून उभे होते, ते मला फार आवडलं.

काळ्या खणाची जर मी उसवून घेतली आहे. नव्या ब्लाउजच्या बाहीला लावणार आहे. आईच्या म्हणण्याप्रमाणे अंगाला लागला एकदाचा.

तू मला गाडीने वाईला सोडायचा हट्ट करत होतास आणि मी एसटीचाच धरून बसले, त्याचा तुला राग आला, हे मला कळलं. त्याचं कारण असं. परवा तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मेधाच्या ऑफिसात वर्षअखेरीचं काम आहे. गाडी आता चांगले चारपाच महिने शेडमध्ये उभी राहणार. काल दुपारी तू झोपलास तेव्हा मी शेडमध्ये गेले आणि सायलेन्सरच्या तोंडात बोळा घातला. माझ्या जुन्या सुती लुगड्याचा आहे, चांगला घट्ट, आणि त्याला हातभर लाल दोरी बांधून बाहेर लोंबती ठेवली आहे, म्हणजे आंधळ्यालाही दिसेल. तू दुसरा ठोकायला जाऊ नकोस. काढूही नकोस, आणि भिकूला काढू देऊ नकोस. निरंजन कुठे गाडी न्यायची म्हणाला तर त्याला आबांचा नियम सांग. गुढीपाडव्याला मी येईन आणि माझ्या हाताने काढीन, त्यानंतर तिचा हार, तिचा पेढा आणि एक चक्कर धरणापर्यंत, मला बसवून.

डोळ्यांत थेंब वेळेवर घाल. लोभाचं आता वेगळं मागत नाही, तो गाडीत होताच.

तुझी,
रत्ना

ता. क. बोळा मी लावला आहे, दादा. या वेळी सांगते आहे.